पाव ठिपका

व्हिडिओची फाइल लहान करायची तर प्रत्येक चित्र नव्याने साठवायचं नाही. चित्रातला कुठला तुकडा किती सरकला, एवढंच लिहून ठेवायचं. हे माझं काम. चित्र ज्या बारीक ठिपक्यांचं बनतं, त्यातल्या पाव ठिपक्याहून कमी सरकलं तर शून्य धरायचं, हा नियमही माझाच. "एवढंसं हललेलं कुणाच्या बापाला दिसणार आहे?" असं मीटिंगमध्ये मी ठणकावून सांगितलं होतं.

बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी ते खुर्चीत डुलकी काढत होते, तेव्हा मी मिनिटभर व्हिडिओ घेतला होता. पुढे फोन भरला म्हणून आमच्याच सॉफ्टवेअरने तो लहान केला आणि मूळ फाइल पुसून टाकली.

काल आईने तो बघायला मागितला. पडद्यावर बाबा फोटोसारखे स्थिर होते. छाती जराही वरखाली होत नव्हती.

"आई, यात त्यांचा श्वासच दिसत नाही गं. माझ्यामुळे गेला तो," मी रडवेली होऊन म्हणाले. "आता आम्ही पाव ठिपक्याहून बारीक हालचालही धरतो. पण पुसलेलं काही परत येत नाही."

आईने पडद्यावरून नजर हलवली नाही.

"गप बस जरा. हा बघ, आत्ता घेतला."

मी वाकून पाहिलं. काहीच हललं नव्हतं.

"सोडला कुठे अजून?" ती हळूच म्हणाली. "चाळीस वर्षं शेजारी झोपलेय मी. सोडायच्या आधी हे थोडं थांबतात."