चाकांवरचा भार

शर्यतीची निळी गाडी लिफ्टवर अधांतरी होती. डिफरन्शियलचं नवं झाकण इंद्रजितनं बसवलं होतं. मागच्या चाकांच्या सांध्यातल्या रबरी बुशांचे बोल्ट आवळायचे तेवढे राहिले होते.

“काय मिस्त्री, लेक सासरी धाडताय का? किती तो जीव लावायचा!” मृण्मयी दारातून हसली. उद्या ती ही गाडी घेऊन कोइमतूरच्या संघात दाखल व्हायला निघणार होती. पाच वर्षं प्रत्येक शर्यतीनंतर ती इथंच आली होती, आणि मनातलं एक वाक्य त्याला बोलता आलं नव्हतं.

चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर रबर पिळवटून दोन महिन्यांत फाटतं. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ती गाडीखाली जाऊ देत नसे. परत यावंच लागलं असतं तिला. त्यानं बोल्टला पाना लावला.

क्षणभरानं काढून घेतला. गाडी खाली उतरवली, दुरुस्तीच्या खड्ड्यावर नेली, आणि भार चाकांवर असताना खालून एकेक बोल्ट आवळला.

“पुन्हा कधी दाखवायला आणू?” तिनं विचारलं.

“आता नाही लागायचं,” तो म्हणाला, आणि पाना जागेवर ठेवायला पाठमोरा झाला.