जलपर्णीखाली गेलेली सून

"इथंच ना? नक्की?" मुलानं आईला तिसऱ्यांदा विचारलं.

"माझे डोळे फुटलेत का? इथंच पाय घसरला तिचा," म्हातारी म्हणाली. तिनं बोट दाखवलं आणि लगेच हात पाठीमागे घेतला.

तळ्यावर जलपर्णी अशी दाटलेली, की कोंबडीनं चालत पलीकडे जावं. सासू-सुना रोज तिचे दांडे कापायच्या, वाळवायच्या, वेण्या घालून खुर्च्या विणायच्या. आज सकाळी दोघी कापायला गेल्या आणि म्हातारी एकटी बोंबलत परत आली.

या धंद्यात सगळ्यांना एक ठाऊक होतं. जलपर्णीखाली गेलेलं सहजी वर येत नाही. मुळं धरून ठेवतात.

सहा गडी विळ्यांनी कापत होते. एकेक भारा काठावर ओढला, की म्हातारी उघड्या पडलेल्या पाण्याकडे बघायची.

शेजारची विणकरीण कानाशी लागली. "परवा सुनेच्या डोळ्याखाली काळंनिळं होतं. विळा लागला म्हणे. विळा तिथं लागतो होय गं? लेकाला पाठीशी घालू नकोस."

"तुझ्या खुर्चीचा पाय लंगडा आहे, आधी तो बघ," म्हातारीनं फटकारलं.

दुपारी मुलगा चिखलानं माखून वर आला. तिच्यासमोर विळा धरून उभा राहिला.

"आई, खोटं बोलत असलीस तर तुलाही सोडणार नाही."

"मला दम देतोस? सगळं तळं काप. मग बोल."

"महिना लागेल त्याला!"

"मग बघत काय बसलास? लाग कामाला."

तो शिव्या देत पुन्हा पाण्यात उतरला. म्हातारी खुर्च्यांच्या कारखान्यात आली. दार लोटलं. सुनेची अर्धी विणलेली खुर्ची समोर होती. तिनं एक वेणी उचलली आणि विणायला घेतली. बाहेर पावलं वाजली, की हात थांबायचे. पावलं पुढं गेली, की पुन्हा चालायचे.

फोन वाजला. ती दचकली, वेणी हातातून पडली. अनोळखी नंबर होता. तिनं दाराकडे बघत फोन कानाला लावला.

"आई, पोचले मी. तुम्ही काही खाल्लंत का?"

म्हातारीनं तोंडावर हात धरला आणि कुजबुजली,

"मेलेल्या बाईनं सासूला फोन करायचा नसतो. ठेव."