डोळा लागत नाही

निकेशने मोटारसायकल रत्नमालाच्या अंगणाबाहेर उभी केली, पण बराच वेळ तो आत आला नाही. रत्नमाला गावची आशाताई, घरोघर जाऊन बाळंतिणींची विचारपूस करणारी. ती सुपात तांदूळ निवडत होती. तिनेच हाक मारली, तेव्हा तो येऊन पायरीवर टेकला. वरठीच्या कारखान्यातून सुटून तो सरळ इकडेच आला होता.

घरात लेकरू आलं की थकवा किती दिवस राहतो, असं त्याने विचारलं.

"काहून? काय होऊन राहिलं?"

तो खाली बघत बोलला. "पोरगी झोपली तरी डोळा लागत नाही. जेवन जात नाही. पोरीले मांडीवर घेतलं तं दुसऱ्याच कोनाची वाटते." मग म्हणाला, "आपन नसलो तं बरं, असं वाटते."

रत्नमालाने सूप बाजूला ठेवलं.

"थकलेला मानूस झोपला का ताजा होते, निकेशभाऊ. हा थकवा नोहे. आजार आहे. भंडाऱ्याले दाखवा लागते. बरा बी होते."

उद्या येऊन तुमच्या बायकोशी, तृप्तीशी बोलते, असं ती म्हणाली. निकेश हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तो निघाला, पण घराकडे नाही; पुन्हा वरठीच्या रस्त्याने. हल्ली तो तिथल्या स्टेशनच्या बाकावर एकटाच बसलेला दिसायचा. ओळखीचं कोणी आलं की मोबाइल काढून त्यात बघत राहायचा.

दुसऱ्या दिवशी रत्नमाला गेली, तेव्हा तृप्ती ओट्यावर पोरीला तेल लावत होती. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. सानगडीला माहेरी बाळंतपण झालं, तिथून ती नुकतीच परत आली होती. रत्नमालाला पाहताच सासू शकुंतलाबाई सुरू झाल्या. आमच्या वेळी आम्ही लेकरू बांधावर झोपवून धानाच्या रोवण्याला जायचो, आताच्या पोरींना बसल्या जागी थकवा येतो, असं त्यांचं म्हणणं. तृप्तीचं लक्ष नसतं म्हणून आपला पोरगा अर्धं ताट टाकून उठतो, वाळून चालला, हेही त्यांनी ऐकवलं.

रत्नमालाने त्यांना चहा ठेवायला आत पाठवलं. मग झोप लागते का, भूक लागते का, असं हळूच विचारलं.

तृप्ती हसली. कंबर दुखते, रात्र रात्र जागरण होतं, चिडचिड होते. पण कोणी पोरीला घेतलं की पडल्या जागी झोप लागते, असं तिने सांगितलं.

सासूच्या घरात सुना हेच सांगतात, हे रत्नमालाला माहीत होतं. ती जवळ सरकली. "माझ्यापासून लपवू नोको, बाई. पोरगी झोपली तरी तुले झोप येत नाही. पोरगी परकी वाटते. आपन नसलो तं बरं, असं मनात येते. मले समजलं सारं."

पोरीच्या पाठीवरचा तृप्तीचा हात थांबला.

"हे कोनं सांगितलं तुमाले?"

"निकेशभाऊनं."

तृप्ती बराच वेळ अंगणाकडे बघत राहिली. तिथे निकेशची मोटारसायकल नव्हती. मग तिचे डोळे भरून आले आणि पदराला तेलाचे हात लागले तरी तिला कळलं नाही. रत्नमालाने तिचा खांदा थोपटला. दुखणं नेमकं सापडलं, म्हणून रत्नमालाला बरंही वाटलं.

"भंडाऱ्याले उद्याच जाता येईल?" तृप्तीने विचारलं.

निकेशने रजा काढायला का-कू केली. पण तृप्ती म्हणाली, तुम्ही नसाल तर मी जाणार नाही. शकुंतलाबाई दारात उभ्या राहून असल्या थेरांबद्दल पुटपुटत होत्या. ऑटोत तृप्तीने त्याचा हात धरून ठेवला होता, आणि त्याने तो सोडवून घेतला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तृप्तीच्या कडेवरच्या बाळाकडे पाहिलं आणि आपल्या शेजारच्या स्टुलाकडे हात केला. "बसा, ताई. कधीपासून त्रास होतोय?"

तृप्ती बसली नाही. तिने निकेशला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं.

"मले काही नाही झालं, मॅडम," ती म्हणाली. "ह्यायले पाहा."