मूळ खांब

आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मृदुलाने तळमजल्यावरच्या खांबावरचं यंत्र पुन्हा सुरू केलं. देशभरातलं गुरुत्वाकर्षण याच खांबाशी ताडून मोजलं जायचं. आई अंथरुणाला खिळली आणि मृदुलाला घर सोडता येईना, तेव्हा नऊ वर्षांपूर्वी तिच्या मोजणी कार्यालयाने तो घरातच उभारून दिला होता.

आकडा अगदी किंचित वाढलेला आला. तिने पुन्हा मोजलं, तरी तेवढाच. तिने तो कार्यालयाला कळवला.

तासाभराने कार्यालयातून तांबोळींचा फोन आला. "मृदुलाताई, खांबाच्या बरोबर वर काय होतं हो?"

"आईची खाट."

"म्हणजे इतकी वर्षं त्या यंत्राला वरून आपल्याकडे ओढत होत्या. पृथ्वीची ओढ तेवढी कमी भरत होती, आणि आपण तीच खरी धरून सगळा देश मोजला."

"मग आता?"

"चाळीस हजार ठिकाणं परत कोण मोजणार? राग मानू नका, पण त्यांचं वजन किती होतं?"

"एकोणचाळीस किलो."

तिने अंगणातली वाळू दोन पोत्यांत भरली, काट्यावर तोलली आणि पोती वर नेऊन खाटेवर आडवी ठेवली. खाली येऊन पाहिलं, तर आकडा जुळला होता. तिने तसं कळवलं आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.

आईच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून लावलेला, दर दोन तासांनी वाजणारा गजर चार वाजता वाजला. मृदुला उठली, वर गेली आणि पोत्यांची कूस बदलून आली.