नाव झाकलेली स्लाइड

हवालदारबाईंनी काचेच्या स्लाइडवरच्या पेशंटच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली, नखाने घट्ट दाबली आणि स्लाइड ट्रेच्या चौथ्या खणात ठेवली. हॉलमध्ये खुर्च्या सरकत होत्या. दर गुरुवारी मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात नाव झाकून वाचन चालायचं. कुणीतरी जाणतं माणूस मायक्रोस्कोपला बसून सगळ्यांसमोर निदान सांगायचं, मग पट्टी काढायची. आज खास निवृत्त विभागप्रमुख सरांना बोलावलं होतं. बोलवा म्हणून बाईच मागे लागल्या होत्या.

हवालदारबाई हे नाव सरांनीच पाडलेलं. एकतीस वर्षांपूर्वी बाईंनी प्रबंधात लिहिलं होतं की रक्तवाहिनी नुसती चरबी साचून कडक होत नाही. शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच तिच्या भिंतीत शिरतात, चरबी खाऊन फुगतात, तिथेच मरतात आणि त्यांचाच थर चढत जातो. सर पोट धरून हसले होते. "म्हणजे बाई, हवालदारच चोर म्हणा की." सगळा हॉल हसला. प्रबंध नापास झाला. शिकवायला उभं राहायचं सोडून बाई जन्मभर दुसऱ्यांसाठी स्लाइड करत बसल्या. नवी पोरं त्यांना लाडाने हवालदारबाई म्हणत, त्यांना कुठे काय माहीत. बाईंनी मात्र खूणगाठ बांधली होती: एक दिवस हेच यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, याच हॉलमध्ये.

आणि तीन आठवड्यांपूर्वी सरांच्या मानेतल्या रक्तवाहिनीतून काढलेला कठीण तुकडा, डबीत घालून, बाईंच्याच टेबलावर आला.

पहिल्या तीन स्लाइड सरांनी चुटकीसरशी सांगितल्या. चौथी पडद्यावर आली.

"मानेतली रक्तवाहिनी," सर म्हणाले. टाक्यांचा वण दिसू नये म्हणून त्यांनी शर्टाचं वरचं बटणही लावलं होतं. पण आपलाच तुकडा आपल्यापुढे येईल असं कुणाच्या मनात येतं? "अरे बाप रे, काय गर्दी आहे ही. या सगळ्या राखणदार पेशी. चरबी खाऊन टम्म फुगल्यात. मधे मेलेल्यांचा नुसता चिखल. वरचा पापुद्रा बघा किती पातळ. कधीही फाटला असता."

"म्हणजे सर, दोष नुसत्या चरबीचा नाही?" पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं. "या पेशीच घोटाळा करतात?"

"हे काय विचारणं झालं? शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. सर अडखळले नाहीत, बाईंकडे नुसतं पाहिलंही नाही. जसे काही जन्मभर हेच शिकवत आले होते. जाऊ दे, म्हातारा माणूस आहे, पट्टी राहू दे तशीच, असं सकाळपासून दोनदा बाईंच्या मनात येऊन गेलं होतं. आता ते पार गेलं.

"पेशंटला काय सांगायचं, सर?" त्यांनी विचारलं.

"काय सांगणार? हे दुखणं एका बाजूला थांबत नसतं. मानेच्या दुसऱ्या बाजूलाही हाच चिखल असणार. मृत्युपत्र करून ठेव म्हणावं." पोरं हसली. सरही हसले, चांगले मोकळेपणी.

बाईंनी मायक्रोस्कोपखालून स्लाइड काढली, पट्टी सोलली आणि स्लाइड सरांच्या हातात दिली. "नाव तुम्हीच वाचा."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्लाइड डोळ्यांजवळ नेली. पोरं वाट बघत होती. पुढची मुलगी वाकून बघायला गेली आणि बघून गुपचूप जागेवर जाऊन बसली. आपल्याला थोडं तरी वाईट वाटेल अशी बाईंची समजूत होती. वाटलं नाही.

"वाचण्यात काहीतरी चुकलं असेल," सर हळूच म्हणाले. वण उजवीकडे होता. हात मानेच्या डाव्या बाजूला गेला.

"नाही सर," हवालदारबाई म्हणाल्या. "या वेळी बरोबर वाचलंत."