बरं आहे ना?

सुताराच्या कबरीत मूठभर माती टाकून घड्याळजी मागे सरले, तेवढ्यात त्याच्या बायकोने त्यांना थांबवलं.

"भाऊजी, ते तुम्हाला सांगायला यायचे हो. ओळीने वीस रविवार."

"काय सांगायला?"

"पोटातल्या गाठीचं. मलासुद्धा शेवटच्या आठवड्यापर्यंत पत्ता लागू दिला नाही. एकट्याने दवाखान्यात जायचा धीर होत नव्हता, तुम्हाला सोबत न्यायचं होतं. पण म्हणाले, 'घड्याळजी विचारतात, बरं आहे ना? त्या "ना"पुढे "हो"शिवाय तोंडातून काही निघतच नाही गं.'"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने चार शब्द सुनावले असते, तर घड्याळजींना सोपं गेलं असतं.

अकरा वर्षं ते चर्चच्या दारात स्वागताला उभे राहत होते. हातात हात, तोंडभर हसू, "बरं आहे ना?" आणि लगेच पुढच्याकडे वळायचं. दहा मिनिटांत साठ माणसं आत. नऊच्या ठोक्याला शेवटचा माणूस बाकावर. पाळकसाहेब थट्टेने म्हणायचे, "घंटा बिघडली तरी चिंता नाही, घड्याळजी आहेत." दारात कधी खोळंबा झाला नाही, याचा त्यांना कोण अभिमान! लोकही म्हणत, माणूस असावा तर असा मनमिळाऊ.

आणि दर रविवारी घरातून निघताना ते गुडघे टेकून मागत, "प्रभू, आज एखाद्या तरी दुःखी माणसाला माझ्याकडे पाठव."

त्याने पाठवला होता. ओळीने वीस रविवार, एकच माणूस. आता त्यांना आठवलं. अलीकडे सुताराचा खरखरीत हात त्यांच्या हातात क्षणभर जास्त रेंगाळायचा. तो त्यांनी प्रत्येक वेळी हसत हसत, अलगद सोडवून घेतला होता. त्या आठवणीने त्यांना दोन रात्री झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी जाऊच नये, असं वाटलं. तरी गेले. माणसं येत होती. त्यांनी मुकाट्याने हात मिळवले. मग सुताराची बायको समोर आली, नवऱ्याचं गीतांचं पुस्तक छातीशी धरून.

"बरं आहे..." सवयीने निघालंच. त्यांनी जीभ चावली. तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"बरं नाहीये ना, वहिनी?"

तिने मान वर केली. असं कुणी विचारेल, हे आधी तिला खरंच वाटलं नाही.

"नाही हो, भाऊजी," ती म्हणाली आणि त्यांच्या हातांवर कपाळ टेकून हमसून हमसून रडू लागली.

रांग पायऱ्यांपर्यंत तुंबली. नऊची घंटा झाली. आत गीत सुरू झालं. घड्याळजी जागचे हलले नाहीत. त्यांचेही डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

तिच्या मागे मास्तरीणबाई होत्या. निवृत्त, एकट्या राहणाऱ्या. अकरा वर्षं घड्याळजींनी विचारायच्या आतच "एकदम ठणठणीत!" म्हणून मोकळ्या होणाऱ्या. बऱ्याच वेळाने त्यांची पाळी आली. आज त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. हात पुढे केला आणि हळूच म्हणाल्या,

"मलाही तसंच विचारा ना."