दुखतं तिथे क्लिक करा

फोनवर आई भलतीच खुशीत होती. "रेणू, तुझी वेबसाइट लाखात एक गं! माणसाच्या चित्रावर दुखतं तिथे क्लिक केलं की उपाय हजर. अण्णांनी छातीवर केलं, तर निघाला पोटातला गॅस! ओवा दिलाय, आडवे झालेत."

रेणूने चहाचा कप खाली ठेवला. "छातीवर क्लिक केलं आणि पोटाचं पान उघडलं?"

"हो. अण्णा चष्मा लावतील तर ना! तो म्हाताऱ्यांनी लावायचा म्हणे! म्हणून चित्र केलं चांगलं भिंतीएवढं मोठं."

घरचा कॉम्प्युटर जुनाट, त्यातला ब्राउझर त्याहून जख्ख. तो चित्र फुगवायचा, पण क्लिकच्या जागा होत्या तिथेच राहायच्या. मोठ्या चित्राची छाती नेमकी आधीच्या पोटाच्या जागी यायची. ऑफिसात ही चूक रेणूनेच पकडली होती. "असला ब्राउझर आता वापरतंय कोण?" साहेब हसले होते. तीही हसली होती.

"आई, अण्णांना उठव! आत्ताच्या आत्ता!"

"अगं, ज्यांच्या घोरण्याने घराची कौलं हलतात, ते आज हूं की चूं करत नाहीयेत. झोपू दे की सुखाने."